एक पेणचा, एक रोह्याचा

पेण आणि रोहा ही नावे आपल्या रोजच्या ये-जा करण्यातली. या दोन तालुक्यांशी नाते असलेली दोन थोर माणसे अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने जन्मली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, जन्मले. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचे घराणे रोह्याचे.

दोघांच्या वाटा अगदी उलट. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे केंब्रिजला शिकून १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले ते सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेले. प्रमाणपत्रे त्यांनी आधीच चुलीत घातली होती. (याचा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. परीक्षा सोडली तरी या गृहस्थाने अभ्यास जन्मभर सोडला नाही. पुढे अरबी शिकून कुरआन शरीफ मूळ भाषेत वाचले.) मात्र कसोटीची वेळ दोघांवरही आली, आणि दोघेही तिला आवाज न चढवता सामोरे गेले.

१९४६ पासून विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारहून रोज खांद्यावर फावडे टाकून सुरगावला पायी जात आणि तेथला मैला साफ करीत. एकदा पावसात नाल्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. तेव्हा विनोबांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून निरोप दिला की, गावच्या देवाला सांग, सफाईवाला येऊन गेला. फाळणीच्या दिवसांत देश पेटला असताना हा माणूस असे काम करीत होता.

त्या दंगलीत अलवर-भरतपूरकडील मेव मुसलमान हजारोंनी बेघर झाले. १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी स्वतः मेवातमधील घासेरा गावी गेले व त्यांनी मेवांना देश न सोडण्याची विनंती केली. पुढच्याच महिन्यात गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर विनोबा पवनार सोडून दिल्लीला आले आणि निर्वासितांबरोबरच मेवांनाही पुन्हा त्यांच्या जमिनींवर वसवण्याच्या कामाला लागले. हाती ना अधिकार, ना हुद्दा. विनोबांच्या उत्तरायुष्यातील, विशेषतः आणीबाणीतील, भूमिकेवर टीका झाली आणि ती सर्वस्वी अकारण होती असे मला वाटत नाही. तरी १९४८ चे हे काम आपण विसरता कामा नये.

चिंतामणरावांची कसोटी वेगळी होती. त्यांच्यापाशी सर्व काही होते. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली आपल्याच कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, त्यांना लोकसभेत पाठवले. १९५५ मध्ये स्टेट बँक आणि १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण, ही त्यांच्याच कारकिर्दीतील कामे.

अशा ऐन भरात जानेवारी १९५६ आला. मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा देऊ केला. तो जुलैत अमलात आला तेव्हा त्यांनी लोकसभेत आपली बाजू मांडली. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता असा निर्णय जाहीर व्हावा, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही होऊ नये, हे त्यांना मान्य नव्हते. पंतप्रधान नेहरूंनी हे आरोप नाकारले. ज्यांच्या मंत्रिमंडळात सहा वर्षे काढली त्यांच्यासमोर हे बोलायचे, हे सोपे नव्हते. रस्त्यावर घोषणा देणाऱ्याचे धैर्य मोठेच. पण खुर्चीवर बसलेल्याने खुर्चीच सोडावी, हे मला अधिक अवघड वाटते.

त्यानंतर त्यांनी ना नवा पक्ष काढला, ना सूडाचे राजकारण केले. त्याच साली त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६१ पर्यंत सांभाळले. १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्याने देशाचा अर्थसंकल्प मांडला, तो आता कॉलेजांच्या ग्रंथालयांना आणि प्रयोगशाळांना किती अनुदान द्यायचे याचा हिशेब पाहू लागला. हे त्यांना उतरणे वाटले नाही. मोकळ्या वेळात संस्कृत श्लोकरचना चालूच होती. ‘मेघदूता’चा मराठी पद्यानुवादही त्यांचाच.

दोघांचा मृत्यूही एकाच वर्षी यावा हा योगायोग. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, चिंतामणराव हैदराबादला वारले. १५ नोव्हेंबरला पवनार येथे विनोबांनी देह ठेवला. रोह्याच्या महाविद्यालयाला आज चिंतामणरावांचे नाव आहे, आणि आपल्यातील काही मुले त्याच फाटकातून रोज आत जातात.