टेंबे, गोविंद सदाशिव

(५ जून १८८१–९ ऑक्टोबर १९५५). विख्यात हार्मोनियमवादक, संगीत-रचनाकार, गायक नट व संगीतविषयक लेखक. जन्म कोल्हापूरजवळील सांगवडे या गावी. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मैफल गाजविणाऱ्या पियानोवादकास जे स्थान असते, त्याच्या जवळपास जाणारे स्थान महाराष्ट्रात पट्ट्यांच्या वाद्यास ज्या कलावंतांनी मिळवून दिले, त्यांत टेंबे अग्रगण्य होत.

हार्मोनियम हे वाद्य मूळचे यूरोपीय. आलेक्सांद्र दबँ यांनी पॅरिस येथे १८४२ मध्ये त्याचे एकस्व घेतले. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी तयार केली व ती भारतीय बैठकीस सोयीची ठरली. पियानोत हातोडीच्या आघाताने तार निनादते आणि नाद क्रमाने क्षीण होत जातो. पेटीत मात्र हवेचा प्रवाह असेपर्यंत नाद टिकून राहतो. एक हात भात्यात गुंतल्यामुळे सर्व वादन दुसऱ्या हाताने करावे लागते. शिवाय सप्तकाची विभागणी बारा ठराविक स्वरांत झालेली असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणारी मींड तीवर काढता येत नाही, तसेच रागाच्या प्रकृतीनुसार स्वर किंचित चढवता वा उतरवता येत नाही. गायनप्रधान भारतीय संगीतात ही उणीव मोठीच होय. अशा वाद्यावर राग उभा करता येईल काय, हाच टेंबे यांच्या वादनापुढील मूलभूत प्रश्न होता.

हार्मोनियमवादनाचे शिक्षण त्यांनी मुख्यत्वे स्वतःच घेतले. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे त्या काळी संगीताचे मोठे केंद्र बनले होते. तेथील देवल क्लबात थोर गवयांचे गाणे ऐकण्याची संधी त्यांना लाभली. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले व बुवांच्या गायनास त्यांनी साथही केली. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांच्याकडे ते रीतसर शिकले नाहीत. तथापि त्यांच्या गायकीचा टेंबे यांच्यावर खोल परिणाम झाला आणि ती गायकी पेटीवर उतरविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. स्वर सोडण्याचा नेमका क्षण, शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श आणि भात्याच्या दाबाने होणारा नादाचा चढउतार ही पेटीवादकाची साधने होत. त्यांच्या योगे गळ्यातील वळणांचा आभास निर्माण करता येतो. ही साधने वापरून केलेल्या एकल वादनामुळे पेटीचे कार्य केवळ साथीपुरते मर्यादित राहिले नाही.

मराठी रंगभूमीवर त्यांची कामगिरी तितकीच महत्त्वाची आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आणलेल्या कृ. प्र. खाडिलकर यांच्या मानापमान या नाटकातील पदांना त्यांनी चाली दिल्या. ठुमरी, दादरा, कजरी इ. उत्तर हिंदुस्थानी गीतप्रकारांच्या चालींचा त्यांनी केलेला उपयोग नाट्यसंगीतास नवे वळण देणारा ठरला. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढे तीतून बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या आरंभीच्या मराठी बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि त्याचे संगीतही दिले.

त्यांच्या हयातीतच हार्मोनियमविषयीचा वाद तीव्र झाला. कृ. ब. देवल व ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या सिद्धांतानुसार श्रुति-हार्मोनियम घडविण्याचा उपक्रम केला; परंतु मैफलीत ती रुळली नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. हे वाद्य परकीय असून भारतीय स्वरांना मारक आहे, असा आक्षेप होता. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः उठली. तोवर टेंबे यांच्या मृत्यूस सोळा वर्षे लोटली होती. मधल्या काळातही मैफलीतून आणि नाट्यगृहातून पेटी हटली नाही. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर इ. वादकांनी ही परंपरा पुढे नेली. बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

माझा संगीत व्यासंग (१९३९) व माझा जीवनविहार या ग्रंथांत टेंबे यांच्या सांगीतिक जीवनाच्या आठवणी आहेत. अल्लादियाखाँ यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. महाश्वेता व जयदेव या संगीतिका त्यांच्या नावावर आहेत. गवयांच्या गायकीचे मर्म साक्षेपाने सांगणारे त्यांचे लेखन त्या काळातील संगीतव्यवहार समजून घेण्यास आजही उपयुक्त आहे.

वाद्याच्या उणिवांवर घेतलेले आक्षेप टेंबे यांच्या वादनाने खोटे ठरले असे म्हणता येणार नाही. पट्टीवर मींड येत नाही, ही वस्तुस्थिती कायम आहे. मात्र वाद्याची मर्यादा आणि वादकाची मर्यादा या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते. ऐकून आत्मसात केलेल्या गायकीचा पाया भक्कम असेल, तर परक्या भूमीतून आलेल्या वाद्यावरही रागाची मांडणी करता येते, हा त्यांच्या कार्याचा मुख्य निष्कर्ष होय.