काळा पडदा: लिनक्स सुरू होताना मॉनिटर का अडतो?

आजचा विषय वरवर दुरुस्तीचा आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात आहे. लिनक्सचा कॉम्प्युटर सुरू केला, पंखा फिरला, कंपनीचं बोधचिन्ह दिसलं आणि लगेच पडदा काळा. मधोमध छोटी चौकट येते: 'आउट ऑफ रेंज'. कधी 'इनपुट नॉट सपोर्टेड', तर कधी काहीच नाही. लोक म्हणतात, मॉनिटर गेला. पण अशी चौकट दाखवणारा मॉनिटर बहुतेक वेळा धडधाकट असतो. आलेला सिग्नल आपल्याला झेपणारा नाही, एवढंच तो सांगत असतो.

मग मॉनिटरला काय झेपतं हे कोणाला ठाऊक असावं, आणि त्याप्रमाणे सिग्नल कोणी जुळवावा? या कामाची जबाबदारी आधी माणसावर होती, मग मॉनिटरवर आली, मग कर्नलवर. प्रत्येक वेळी अडचण सुटली नाही. तिने फक्त जागा बदलली. ती आज कुठे बसली आहे, ते आपण बघू.

सुरुवात काचेच्या नळीच्या मॉनिटरपासून करू. नळीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, परत डावीकडे येतो, दुसरी ओळ काढतो. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ कॉम्प्युटरसोबत व्हीजीए आणलं. त्यात आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके. आता हिशोब बघा. सेकंदाला २ कोटी ५१ लाख ७५ हजार ठिपके पाठवायचे. एका ओळीला वेळ द्यायचा तो ८०० ठिपक्यांचा. त्यातले ६४० दिसतात, उरलेला वेळ मुख्यतः झोताच्या परतीच्या प्रवासाचा. ओळी ५२५, दिसतात ४८०. भागाकार केला की सेकंदाला साधारण ३१ हजार ४७० ओळी आणि जवळजवळ ६० चित्रं निघतात. पहिला आकडा आडव्या वारंवारितेचा, दुसरा उभ्या. आपली सगळी गोष्ट या दोन आकड्यांभोवती फिरते.

एनईसी कंपनीचा मल्टिसिंक मॉनिटर १९८५ साली आला. तो वेगवेगळ्या वारंवारिता सांभाळून घ्यायचा. पण बरेच मॉनिटर एकाच वारंवारितेसाठी बनवलेले असत. त्यांना भलताच वेग दिला तर चित्र फाटायचं, आतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि वेळेवर बंद केलं नाही तर आतला भाग तापून जळूही शकायचा.

अशा काळात लिनक्स आलं. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली कर्नल प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात खिडक्या, चित्रं असं काही नव्हतं. ती बाजू एक्स विंडो सिस्टिमने सांभाळली, जी १९८४ साली एमआयटीत सुरू झाली होती. साध्या पीसीवर ती चालवण्यासाठी १९९२ साली एक्सफ्री८६ हा प्रकल्प उभा राहिला, आणि पुढची दहाएक वर्षं लिनक्सवरचा पडदा म्हणजे एक्सफ्री८६ असंच समीकरण होतं.

त्याची सेटिंगची एक फाइल असे. तुमचा मॉनिटर कोणत्या आडव्या वारंवारितेपासून कुठपर्यंत चालतो आणि उभ्या वारंवारितेची हद्द काय, हे तुम्ही स्वतः त्यात लिहायचं. त्याखाली 'मोडलाइन' नावाची ओळ. आत्ताचा हिशोब त्यात जसाच्या तसा असे: ६४०, ६५६, ७५२, ८००, मग ४८०, ४९०, ४९२, ५२५. एरिक रेमंड यांनी हे गणित समजावणारी मार्गदर्शिका लिहिली, आणि चुकीच्या आकड्यांनी मॉनिटर बिघडू शकतो हा इशाराही त्यात दिला. पडदा वेडावाकडा झालाच, तर कंट्रोल, ऑल्ट आणि बॅकस्पेस एकदम दाबून ग्राफिक्स बंद पाडायचं, ही सवय त्या पिढीच्या बोटांना लागली.

आपल्याकडे १९९० च्या दशकात 'पीसी क्वेस्ट' मासिकासोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि अनेकांची लिनक्सशी पहिली ओळख तिथूनच झाली. पण सीडी मिळाली म्हणून मॉनिटरचं माहितीपुस्तक हाताशी असेलच असं नाही, आणि ते दोन आकडे नेमके त्याच्या शेवटच्या पानांत. म्हणजे मशीन तुमचं, पण ते चालवायला लागणारी माहिती दुसऱ्याकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

मग प्रश्न निघाला: मॉनिटरनेच स्वतःची माहिती दिली तर? व्हेसा या संस्थेने १९९४ साली त्यासाठी मानक काढलं. मॉनिटरमध्ये १२८ बाइटची एक छोटी नोंद ठेवायची. तिचं नाव ईडीआयडी. तिच्यात बनवणाऱ्याचं नाव, पडद्याची लांबीरुंदी, चालणारे मोड, आणि बऱ्याचदा त्या दोन वारंवारितांच्या हद्दीही. पुस्तकाची शेवटची पानंच जणू मॉनिटरच्या पोटात गेली. सगळ्या १२८ बाइटची बेरीज केली तर तिला २५६ ने निःशेष भाग जायला हवा. नाही गेला, तर नोंद खराब समजायची.

यामुळे फाइल लिहिणं हळूहळू संपलं. परवान्याच्या वादातून २००४ साली एक्सफ्री८६ ची जागा एक्स.ऑर्गने घेतली, आणि पुढे ती फाइल नसली तरी पडदा लागू लागला. पण नोंद पोहोचते कशी? व्हीजीए केबलच्या १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांमधून. स्वस्त केबलमध्ये कधी या पिनाच नसतात. एका मॉनिटरवर दोन कॉम्प्युटर चालवणारी स्विचपेटी कधी नोंद अडवून धरते. नोंद मिळाली नाही की कर्नल बेताचे मोड निवडतं, जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८ पर्यंत. अशा वेळी मोठ्या मॉनिटरवर सगळं धुरकट दिसतं. लोक ड्रायव्हर बदलत बसतात, आणि दोष असतो केबलचा.

तिसरा टप्पा २००९ चा. तोपर्यंत पडद्याचा मोड ठरवायचं काम कर्नलच्या बाहेर, एक्सच्या हातात होतं. कर्नल आणि एक्स, दोघंही एकाच ग्राफिक्स कार्डावर हात ठेवून. त्यामुळे लुकलुक आणि अडकणं नेहमीचं. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून इंटेलच्या कार्डांसाठी हे काम कर्नलने स्वतःकडे घेतलं. रेडिऑनची कार्डंही त्याच वर्षी आली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो हा ड्रायव्हर २०१० च्या सुरुवातीला कर्नलमध्ये आला. कंपनीकडून पुरेशी माहिती मिळत नव्हती, म्हणून तो कार्डाचं वागणं बारकाईने तपासून, उलट्या बाजूने शोध घेत लिहावा लागला. याच नाराजीतून टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियावर जाहीरपणे जळजळीत टीका केली. कंपनीने कर्नलसाठीच्या आपल्या मोड्यूलचा कोड खुला केला तो मे २०२२ मध्ये, तोही नव्या कार्डांपुरता. बघा, मुद्दा परत तोच: मशीन तुमचं, माहिती दुसऱ्याकडे.

या बदलाने सुरुवात सुबक झाली, पण एक गोम आहे. कर्नल आता फार लवकर मोड लावतं. तिथेच ड्रायव्हर अडखळला, तर चूक सांगणारी ओळही दिसत नाही, कारण ती दाखवायला पडदाच नसतो.

म्हणून दुरुस्ती करताना पहिला प्रश्न असा: पडदा नेमका कधी जातो? निवडीचा मेनू, म्हणजे ग्रब, येतानाच चौकट दिसली आणि पुढे सगळं नीट चाललं, तर दोष ग्रबच्या रिझोल्यूशनचा. त्याच्या सेटिंगमध्ये ६४० बाय ४८० सारखा साधा मोड द्यावा. मेनू दिसतो आणि त्यानंतर पडदा जातो, तर संशय ड्रायव्हरवर. मेनूवर 'ई' दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून नो, मोड आणि सेट हे इंग्रजी शब्द सलग जोडून लिहा, मग कंट्रोल आणि एक्स दाबा. याने कर्नलला सांगितलं जातं की मोडला हात लावू नकोस, मशीनच्या फर्मवेअरने दिलेला पडदाच वापर. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे निर्धास्तपणे करून बघावा. मात्र ही कुबडी आहे, इलाज नव्हे. पडदा आला की आधीच्या सुरुवातीची नोंदवही वाचायची आणि योग्य ड्रायव्हर बसवायचा. कर्नल अपडेट झाल्यावर कंपनीचा ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने तयार झालाच नाही, हे फार वेळा सापडणारं कारण. आणि मॉनिटर फक्त 'नो सिग्नल' म्हणत असेल, तर आधी केबल आणि ती कोणत्या खाचेत लावली आहे ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या खाचेत लावलेली असणं ही अगदी रोजची गोष्ट.

काळा पडदा पाहून अनेक जण लिनक्स सोडून देतात, काही जण चांगला मॉनिटर भंगारात टाकतात. म्हणून आमचं सांगणं एवढंच: ते दोन आकडे अजूनही त्या १२८ बाइटमध्ये आहेत, आणि लिनक्सवर ते कोणालाही वाचता येतात. ज्याच्या घरी मशीन आहे त्याला ते वाचता यायला हवेत. आता प्रश्न घेऊ.