कोयोटीची फर आणि आपली अनुमोदना



आमच्या जळगाव जामोदला सातपुड्याच्या पायथ्याची शेतं लागून आहेत. तिथे कोल्हे आहेत, रानमांजरं आहेत. थंडीच्या रात्री कोल्हेकुई ऐकू येते. आज मात्र या कोल्ह्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाबद्दल लिहिते आहे, त्याचं नाव कोयोटी. आपली कितीतरी मुलं आता कॅनडा-अमेरिकेत राहतात. तिथल्या जाड जॅकेटच्या टोपीला जी केसाळ कड असते, ती खरी फर असेल तर बहुतेक वेळा कोयोटीची असते.

माझ्या भाचीने मागच्या हिवाळ्यात कॅल्गरीहून विचारलं, "मावशी, वापरलेलं जॅकेट स्वस्तात मिळतंय. कडेला खरी फर आहे. प्राणी तर कधीच मेला, मग घ्यायला काय हरकत?" उत्तर देण्याआधी मी थोडं वाचायला घेतलं.

उत्तर अमेरिकेत फरचा व्यापार फार जुना. 1670 मध्ये इंग्रजांनी हडसन्स बे कंपनी काढली, आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीनंतर सत्तर वर्षांनी. तिचा मुख्य माल म्हणजे बीव्हर, कारण युरोपात बीव्हरच्या केसांच्या हॅटची फॅशन होती. कोयोटीशी वैर होतं ते मेंढ्या पाळणाऱ्यांचं. 1931 साली अमेरिकेत कायदाच झाला आणि अशा प्राण्यांना मारणं हे सरकारी काम ठरलं. विष, सापळे, बंदुका, सगळं झालं. तरी कोयोटी संपला नाही, उलट पूर्वेकडे समुद्रापर्यंत पसरला.

टोपीला फर लावायची पद्धत मूळची बर्फाळ उत्तरेतल्या लोकांची. लहानमोठ्या केसांमुळे वारा अडतो, चेहऱ्याजवळ ऊब राहते आणि श्वासाचं बर्फ झटकलं की पडतं. त्यांच्यासाठी तो जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. पुढे हीच कड शहरातल्या फॅशनमध्ये आली आणि कोयोटीच्या कातड्याला चांगला भाव येऊ लागला.

व्यापारी म्हणायचे, "हा उपद्रवी प्राणी मारला जातोच, मग कातडं वाया का घालवायचं?" मी कॉमर्सची विद्यार्थिनी. ज्या वस्तूला भाव आला, ती टाकाऊ राहत नाही. तिच्यासाठी मुद्दाम सापळे लागतात.

हे फक्त तिकडचं पाप, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्या देशातूनही रानटी प्राण्यांची कातडी परदेशी जात होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यावरही काही वर्षं हे चालू होतं. 1979 मध्ये निर्यात बंद झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी जाहीर केलेल्या साठ्यात नुसत्या रानमांजरांचीच तीन लाखांहून जास्त कातडी होती. आपल्या शेतात उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलं करणारं हे जनावर! 2017 च्या जानेवारीत सरकारने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आयातही बंद केली.

तिकडेही वारं बदललं. कोयोटीच्या फरमुळे गाजलेल्या टोरांटोच्या कॅनडा गूज कंपनीने जून 2021 मध्ये जाहीर केलं, की 2022 संपेपर्यंत आपण फर लावणं थांबवू. वर्षानुवर्षं लोक दुकानांसमोर निदर्शनं करत होते. मेंढ्यांच्या नावाखाली कोयोटी अजूनही मारला जातो, पण त्याच्या मरणाचं एक मोठं गिऱ्हाईक कमी झालं.

आपल्या धर्मात हिंसा तीन प्रकारे लागते: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं. भाचीने सापळा लावला नव्हता, लावायला सांगितलाही नव्हता. प्रश्न तिसऱ्याचा होता. ती फर घालून ती रस्त्याने चालली असती, तर बघणाऱ्याला ती छानच वाटली असती, आणि पुढच्या कुणीतरी नवी मागितली असती.

मी तिला हेच लिहिलं. पुष्कळ जॅकेटची कड चेनने निघते, हे तिनेच मला सांगितलं. तिने जॅकेट घेतलं, पण फरची कड न लावता. उणे तीस अंशात वर लोकरीची टोपी आणि मफलर बांधते.

तुमची मुलं तिकडे असतील, तर खरेदीआधी त्यांना लेबल वाचायला सांगा. कृत्रिम म्हणून विकलेली फरही कधी कधी खरी निघते. केस बाजूला करून मुळाशी पाहायचं. खाली कापडाची वीण दिसली तर ती कृत्रिम, कातडं दिसलं तर खरी.