कवटीमापन व वंशश्रेष्ठत्वाची कल्पना

मानवी कवटीची मापे घेऊन त्यांवरून वंशांची बौद्धिक उच्चनीचता ठरविण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात यूरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झाला. त्यातून रूढ पूर्वग्रहांना शास्त्रीय निष्कर्षांचे स्वरूप प्राप्त झाले व गुलामगिरी आणि वसाहतवाद यांच्या समर्थनार्थ त्यांचा उपयोग करण्यात आला.

या विचाराचा प्रमुख पुरस्कर्ता फिलाडेल्फिया येथील वैद्य सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन (१७९९–१८५१) हा होय. कवट्यांत प्रथम बिया व पुढे शिशाच्या बारीक गोळ्या भरून त्याने त्यांचे घनफळ मोजले आणि क्रॅनिया अमेरिकाना (१८३९) या ग्रंथात गौरवर्णीयांना अग्रस्थान दिले. त्याच्या संग्रहात गुलामांच्याही कवट्या होत्या. ज्यांना जिवंतपणी मालमत्ता मानण्यात आले, त्यांचे अवशेषही अशा रीतीने त्यांच्याच हीनत्वाचा पुरावा म्हणून वापरले गेले.

या मताला प्रारंभापासून विरोध झाला. जर्मन शारीरविज्ञ फ्रीड्रिख टीडमान याने १८३६ मध्येच यूरोपीय व आफ्रिकी मेंदूंत बौद्धिक भेद सूचित करणारा फरक नसल्याचे प्रतिपादन केले. हैतीतील विचारवंत आँतेनॉर फिर्मँ याने १८८५ साली पॅरिसमध्ये मानववंशांच्या समतेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रँट्स बोॲस याने अमेरिकेतील सु. १८,००० स्थलांतरित व त्यांच्या अपत्यांची मापे घेऊन परिस्थितीनुसार डोक्याचा आकारही बदलतो, असे दाखविले.

भारतात हर्बर्ट रिझली याने नाकाच्या मापांवरून जातींची श्रेणी लावली होती. इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर याच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या असममितीचा अभ्यास केला; परंतु असममिती आणि वंश यांचा संबंध असल्याचे त्यांना आढळले नाही व मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध असलेला हा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी द अनटचेबल्स (१९४८) या ग्रंथात नाकाच्या मापांचाच आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

मॉर्टनने नकळत पक्षपात केल्याचा आक्षेप स्टीव्हन जे गूल्ड याने घेतला. २०११ मध्ये झालेल्या फेरमापनात मात्र मॉर्टनची बहुतेक मापे बरोबर असल्याचे आढळले. तथापि त्यामुळे त्याचा सिद्धांत खरा ठरत नाही. कवटीचे आकारमान शरीराची ठेवण, हवामान इ. घटकांशी निगडित असते. त्यावरून एखाद्या समूहाची बुद्धी ठरविता येत नाही. माप अचूक असूनही त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे असू शकते, हे या इतिहासाचे सार होय.

रिचर्ड लेवाँटिन याने १९७२ मध्ये मानवातील आनुवंशिक विविधतेचा सु. ८५ टक्के भाग एकाच समूहातील व्यक्तीव्यक्तींमध्ये आढळतो, असे दाखविले. मॉर्टनचा संग्रह ज्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात होता, त्या संग्रहालयाने २०२१ साली त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

युनेस्कोने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात समतेचे नैतिक तत्त्व सर्व माणसांची उपजत गुणवत्ता सारखी असण्यावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. त्यामुळे समान वागणुकीचा हक्क कोणत्याही मापावर अवलंबून राहत नाही. वंशभेदाच्या निर्मूलनासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली आंतरराष्ट्रीय करार संमत केला. तो १९६९ पासून अंमलात आला.