डेंग्यूचा रिपोर्ट : प्लेटलेटसोबत पीसीव्हीही बघा

पावसाळ्यात डेंग्यू वाढला की गावात एकच प्रश्न, प्लेटलेट किती? आकडा लाखाच्या खाली दिसला की पिशवीसाठी धावपळ सुरू. पण रक्तस्रावाचा धोका त्या एका आकड्यावर ठरत नाही.

प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या घटतातच. 30-40 हजारांवरही बऱ्याच जणांना काही होत नाही. कुठून रक्त जात नसेल तर 10 हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट चढवत नाहीत.

त्याच सीबीसीच्या कागदावर पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट, अशी ओळ असते. ती कोणी वाचत नाही. हा आकडा आधीपेक्षा 20 टक्के वाढला, म्हणजे 40 चा 48 झाला, तर रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय. रक्त घट्ट होतं, बीपी पडतो, आणि मोठा रक्तस्राव बहुतेक वेळा असा शॉक लांबल्यावरच होतो. उलट पीसीव्ही घसरला आणि पेशंट खालावला, तर आत कुठे रक्त जातंय का हे डॉक्टर बघतात. म्हणून जुना रिपोर्ट सोबत न्याच, तुलना त्याच्याशीच होते.

ताप उतरतो ते दिवस, साधारण तिसरा ते सातवा, जास्त जपायचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, सुस्ती यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना आधी सांगा.