निर्वात पोकळीतील यंत्र अभियंता

मेकॅनिकल इंजिनीअर म्हटले की मोटारींचे कारखाने, फार तर वातानुकूलन यंत्रणा, एवढेच डोळ्यांसमोर येते. निर्वात यंत्रणा आणि ‘थिन फिल्म’ म्हणजेच अतिपातळ थर हे त्याचे कार्यक्षेत्र असू शकते, याची फारशी कल्पना नसते. वस्तुतः वेफर्सच्या पाकिटाची आतील चकाकी असो वा चष्म्याच्या काचेवरील परावर्तनरोधक लेप, दोन्ही निर्वात कक्षातच तयार होतात.

कारण साधे आहे. नेहमीच्या हवेत धातूच्या वाफेचा अणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाही पुढे न जाता हवेच्या रेणूवर आदळतो. दाब सुमारे दहा कोटी पटींनी उतरविला, की हेच अंतर काही मीटर होते आणि अणू थेट काचेवर जाऊन बसतो. त्यासाठी आधी रोटरी पंप, मग डिफ्युजन किंवा मिनिटाला हजारो फेरे घेणारा टर्बोमॉलिक्युलर पंप, अशी साखळी लागते.

अभियंत्याचे खरे कसब मात्र पंपापेक्षा कक्षाच्या रचनेत असते. बाहेरची हवा दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार टाकते. तो पेलणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग. बोटाचा तेलकट ठसा तासन् तास वाफ सोडत राहतो. बंद छिद्रात बसविलेल्या स्क्रूच्या तळाशी अडकलेली हवा हळूहळू झिरपते. कक्षाबाहेरून हेलियम फवारून ही गळती सापडत नाही, कारण ती बाहेरून येतच नसते. म्हणून स्क्रूलाच उभे आरपार भोक पाडतात. अशा युक्त्या पदवीपेक्षा कार्यशाळेतच शिकता येतात.

या विद्येची मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळील ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वलहरी वेधशाळेसाठी केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत तेवढ्याच लांबीच्या, १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांतील दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास राखला जातो. पोलादात मुरलेला हायड्रोजन घालविण्यासाठी ते आधीच तापविले गेले. नळ्या जोडल्यावर आतील बाष्प काढण्यासाठी त्यांच्यातूनच वीज सोडून त्या कित्येक आठवडे तापत ठेवण्यात आल्या. तेथे टांगलेल्या ४० किलोंच्या आरशांवर पुन्हा थिन फिल्मच आहे: सिलिका आणि टॅन्टलम ऑक्साइड यांचे एकाआड एक थर. या थरांची उष्णतेमुळे होणारी सूक्ष्म थरथर आजही मोजमापाच्या अचूकतेवरील एक प्रमुख मर्यादा ठरते.