पांगुळगाडा आणि बाबागाडी

सातारा-सांगलीकडच्या गावांत तान्हे मूल कडेवर किंवा शेतातल्या झाडाला बांधलेल्या झोळीत वाढे, आणि त्याच्या वाट्याला येणारे पहिले तीनचाकी वाहन म्हणजे पांगुळगाडा, अर्थात पुढे एक व मागे दोन लाकडी चाके असलेली चौकट, जिचा आडवा दांडा धरून मूल चालायला शिके. बलुतेदारीत, म्हणजे सुगीच्या धान्यातून कारागिराचा वाटा देण्याच्या पद्धतीत, सुताराचे मुख्य काम नांगर आणि बैलगाडीचे असे. त्यापुढे पांगुळगाडा बनवण्याचे काम किरकोळच म्हणायचे. मुलाला बसवून ढकलायची बाबागाडी मात्र परदेशी कल्पना होती. इंग्लंडमध्ये विल्यम केंटने १७३३ च्या सुमारास डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी केलेली गाडी माणसाने नव्हे, शेळीने किंवा तट्टाने ओढायची होती. घडी घालून उचलता येणारी हलकी ॲल्युमिनियमची गाडी ओवेन मॅक्लारेन यांनी १९६५ मध्ये तयार केली. आजच्या आटोपशीर तीनचाकी गाडीचे पुढचे चाक अरुंद बोळात सहज वळते, परंतु वाईच्या घाटाच्या दगडी पायऱ्यांवर तिचा उपयोग नाही, तिथे मूल कडेवरच बरे.